रिव्हर्स लाइटला एलईडी बसवल्यावर येणारा त्रास : काय तपासायचं आणि कोणत्या क्रमानं

रिव्हर्स लाइटमधला साधा बल्ब काढून एलईडी टाकला की काही गाड्यांत सगळं सुरळीत चालतं, आणि काहींत त्याच दिवसापासून कटकट सुरू होते. माझ्याकडे या कामासाठी येणारी गाडी नागपूर शहरातली एमएच-३१ किंवा एमएच-४९ असो की काटोल-उमरेडकडची एमएच-४०, तक्रारी फिरून फिरून त्याच असतात. तुमची यातली कोणती ते आधी बघा.

- एकाच बाजूचा लाइट लागतो.
- दोन्ही लागत नाहीत, आणि साधे बल्ब होते तोवर दोन्ही लागत होते.
- लागतो पण फडफडतो, किंवा दोन-तीन सेकंदांत विझतो.
- गाडी लॉक केल्यावरही अंधारात मंद उजेड दिसत राहतो.
- ब्रेक दाबला की रिव्हर्सचा लाइट मिणमिणतो.
- डॅशबोर्डवर बल्ब गेल्याची खूण येते.
- रिव्हर्स कॅमेऱ्याच्या चित्रात रेघा येतात.
- लाइट पांढराशुभ्र दिसतो, पण मागचा रस्ता काही दिसत नाही.
- एलईडी काही महिन्यांतच जातो, किंवा त्यातले अर्धे ठिपके बंद पडतात.

तक्रार कोणतीही असो, बहुतेक लोक दोनच उपाय करतात. आणखी महागाचा एलईडी आणतात, नाहीतर व्हिडिओ बघून रेझिस्टर (बल्बसोबत जोडायचा, जादा करंट ओढणारा छोटा भाग) जोडतात. दोन्हींत पैसे जातात आणि बऱ्याचदा दोष तिथेच राहतो. माझा अनुभव असा की दोष बहुतेक वेळा होल्डरमध्ये (बल्ब बसतो ती खोबण) किंवा अर्थिंगमध्ये (करंट गाडीच्या बॉडीतून परत जातो ती जोडणी) निघतो, आणि तो एलईडी टाकण्याच्या कितीतरी आधीपासून तिथे असतो. जुना बल्ब तो चालवून घेत होता, इतकंच.

कसं ते सांगतो, कारण पुढचं सगळं यावर उभं आहे. २१ वॅटचा साधा बल्ब १२ व्होल्टवर साधारण पावणेदोन अँपिअर करंट ओढतो. एवढा करंट होल्डरच्या पत्रीवरच्या पातळ मळातूनही वाट काढतो. मध्येच क्षणभर संपर्क तुटला तरी तापलेली तार लगेच थंड होत नाही, त्यामुळे डोळ्यांना काही कळत नाही. एलईडी मात्र पाव ते अर्ध्या अँपिअरवर चालतो. त्याच मळापुढे तो अडतो, आणि क्षणाचा खंडही फडफड म्हणून लगेच दिसतो. याची दुसरी बाजूही आहे. साधी तार लाल व्हायलासुद्धा बराच करंट लागतो, पण एलईडी अगदी चिमूटभर करंटवरही मंद उजळतो. म्हणजे इकडून तिकडून झिरपणारा जो करंट साध्या बल्बात कधी दिसला नाही, तो एलईडीत रात्री स्पष्ट दिसतो.

तपासणीआधी

गाडी सपाट जागी लावा, हँडब्रेक ओढा, चाकाला वीट किंवा दगड लावा. इंजिन बंद ठेवा, फक्त इग्निशन ऑन करा आणि रिव्हर्स गिअर टाका. चालू इंजिनवर घरच्या कुणाला क्लच दाबून बसवायचं आणि आपण मागे वाकून बघायचं, हे अजिबात करू नका. क्लचवरचा पाय सटकायला वेळ लागत नाही. ऑटोमॅटिक गाडीतही हेच पाळा. इंजिन बंद असताना आर, म्हणजे रिव्हर्स, पडत नसेल तर लाइट भिंतीवर पडलेल्या उजेडावरून बघा, मागे माणूस उभा करू नका. साधा बल्ब नुकताच लागलेला असेल तर काही मिनिटं थांबा, तो चांगलाच भाजतो.

एप्रिल-मेमध्ये हे काम सकाळी करा. आपल्याकडे पारा ४५ च्या आसपास असताना उन्हात उभ्या गाडीचं मागचं लॅम्प-युनिट काढणं म्हणजे हात पोळून घेणं. जुन्या गाडीत उन्हानं वाळलेल्या क्लिपाही पटकन तुटतात, ओढाओढ नको.

फुकटातल्या तपासण्या

पहिली गोष्ट अशी की दुसऱ्या बाजूला रिव्हर्स लाइट आहे का? काही गाड्यांत कंपनीनं रिव्हर्स लाइट एकाच बाजूला दिलेला असतो आणि दुसऱ्या बाजूला त्याच जागी लाल फॉग लाइट असतो. काच पांढरी की लाल ते बघा, गाडीसोबतच्या पुस्तिकेत बघा. "भाऊ, एकच साइड लागून राहिली" म्हणून आलेल्या काही गाड्या मी हात न लावता परत पाठवल्या आहेत.

दुसरी तपासणी सगळ्यात मोलाची. काढलेला जुना बल्ब परत लावा. लागला तर फ्यूज, गिअरबॉक्सवरचा स्विच आणि मधली तार, सगळं ढोबळमानानं ठीक आहे. दोष होल्डरच्या पकडीत, एलईडीच्या दिशेत, एलईडीत किंवा गाडी स्वतः बल्ब तपासते त्या यंत्रणेत आहे. नाही लागला तर एलईडीचा काही संबंध नाही, मागून पुढे जात दोष शोधावा लागेल. या एका कृतीनं अर्धा रस्ता कापला जातो, म्हणून एलईडी टाकल्यावर जुने बल्ब फेकू नका. फडक्यात गुंडाळून डिक्कीत ठेवा.

तिसरी, बल्ब उलटा करून बघा. हे फक्त चपट्या बुडाच्या, म्हणजे वेज बल्बसाठी आहे. साध्या तारेच्या बल्बला प्लस-मायनसची पर्वा नसते, एलईडीला असते. होल्डरमधून सरळ ओढून काढा, अर्धा फिरवा, परत बसवा. एलईडी अजिबात न लागण्याचं मला सगळ्यात जास्त वेळा सापडलेलं कारण हेच. गोल पितळी बुडाच्या, दोन खुंट्या असलेल्या बल्बला हे लागू नाही. तिथे बाहेरचं बूड म्हणजे अर्थिंग आणि मधला ठिपका म्हणजे प्लस, ते ठरलेलंच असतं.

इथेच बल्बचा प्रकारही जुळवून घ्या. आपल्याकडच्या गाड्यांत रिव्हर्सला प्रामुख्यानं दोन प्रकार येतात. गोल बुडाचा २१ वॅटचा पी२१डब्ल्यू, ज्याला दुकानात ११५६ म्हणतात, आणि चपट्या बुडाचा १६ वॅटचा डब्ल्यू१६डब्ल्यू, म्हणजेच टी१५. यात दोन घोळ होतात. पार्किंग लाइटच्या ५ वॅटच्या टी१० बल्बचं बूड टी१५ सारखंच असल्यामुळे तोही तिथे आरामात बसतो. लागतो, पण मिणमिणता. दुसरा घोळ इंडिकेटरच्या बल्बचा. तोही २१ वॅटचा असतो, पण त्याच्या खुंट्या मुद्दाम तिरप्या ठेवलेल्या असतात, चुकीच्या जागी बसू नये म्हणून. जोर करून बसवला तर होल्डरच जातो.

होल्डर आणि अर्थिंग

आता थोडा वेळ द्यावा लागेल. होल्डर बाहेर काढून उजेडात आत बघा. पितळ किंवा तांब्याची पत्री चकचकीत दिसते की काळपट, हिरवट? हिरवा थर म्हणजे पाणी आत गेलेलं आहे. जुलै-ऑगस्टच्या झडीनंतर अशा गाड्या हमखास येतात. त्यातही जुनी गाडी विकत घेतली असेल तर इथे जास्त लक्ष द्या. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीकाठच्या वस्त्यांत उभ्या गाड्या पाण्यात गेल्या. त्यातल्या दुरुस्त होऊन विकल्या गेलेल्या गाड्यांच्या मागच्या जोडण्यांत गंज हळूहळू वाढतो आणि असा लाइट बदलताना वर येतो. डिक्कीतलं कार्पेट उचलून स्पेअर टायरच्या खड्ड्यात मातीची रेघ दिसते का, तेही त्याच वेळी बघून घ्या.

साफ करायला इग्निशन बंद करा. काँटॅक्ट क्लीनरचा फवारा, जुना टूथब्रश, आणि गंज जास्त असेल तर अगदी बारीक पॉलिश पेपरची पट्टी पुरे. चाकूनं खरवडू नका, पत्रीवरचा मुलामा गेला की गंज आणखी वेगानं परत येतो. वाळल्यावर पत्री पिनेनं किंचित आत वाकवा. बऱ्याच एलईडींचं बूड साध्या बल्बच्या काचेपेक्षा पातळ असतं, त्यामुळे पकड सैल राहते आणि गाडी खड्ड्यातून गेली की लाइट फडफडतो. एलईडीच्या बुडाला दुमडलेल्या बारीक तारा असतात, त्याही थोड्या बाहेर काढा. पण त्या एकमेकींना लागणार नाहीत हे बघा, लागल्या की फ्यूज उडतो.

पाणी आत येत असेल तर रबरी गॅस्केट बदला. लॅम्पला चारी बाजूंनी सिलिकॉन फासून देणारे लोक आहेत. तसं करू नका. युनिटला हवा जायला बारीक छिद्रं दिलेली असतात. ती बुजली की आत आलेली वाफ आतच राहते आणि पुढच्या पावसाळ्यात तक्रार वाढते.

अर्थिंगचा दोष ओळखायची खूण सोपी आहे. ब्रेक दाबला की रिव्हर्सचा एलईडी मंद लागतो, किंवा टेललाइट लावले की रिव्हर्स मिणमिणतो. एका युनिटमधले सगळे बल्ब बहुधा एकाच अर्थ-तारेवर असतात. ती तार बॉडीला नीट जोडलेली नसेल तर ब्रेकचा करंट परतीची वाट दुसऱ्या बल्बांतून शोधतो. लोक करतात काय, तर एलईडी बदलत बसतात. खरं तर युनिटमधून निघालेली काळी किंवा तपकिरी तार धरून मागे जा. ती डिक्कीत कडेच्या अस्तराखाली बॉडीच्या बोल्टवर येते. बोल्ट सोडा, खालचा रंग आणि गंज घासून उघडं लोखंड दिसू द्या, परत घट्ट आवळा, वरून थोडं ग्रीस लावा. दहा मिमीचा पाना आणि अर्धा तास एवढंच भांडवल लागतं.

मल्टीमीटर असेल तर खात्री करून घ्या. (नसेल तर सीताबर्डीवर इलेक्ट्रॉनिक्सच्या कोणत्याही दुकानात साधा मिळतो, तो पुरतो.) जुना बल्ब लावून लाइट सुरू ठेवा. मीटरची काळी सळई बॉडीच्या स्वच्छ बोल्टला, लाल सळई होल्डरच्या अर्थ-पत्रीला. आकडा ०.२ व्होल्टच्या आत असावा. अर्धा व्होल्ट किंवा जास्त आला तर अर्थिंग वाईट आहे. बल्ब काढून, मोकळ्या होल्डरवर १२ व्होल्ट मोजून समाधान मानू नका. तारेचा एकच धागा शिल्लक असला तरी मोकळ्या होल्डरवर पूर्ण १२ व्होल्ट दिसतात. खरी परीक्षा करंट वाहताना होते. म्हणूनही जुना बल्ब हाताशी हवा.

फ्यूज, डिक्कीची तार, रिव्हर्स स्विच

दोन्ही लाइट जुन्या बल्बवरही लागत नसतील तर फ्यूज बघा. झाकणाच्या आतल्या चित्रावरून जागा कळते. उडाला असेल तर तेवढ्याच अँपिअरचा टाका. १० अँपिअरचा लाल असतो, त्या जागी पिवळा २० चा टाकला तर पुढच्या वेळी फ्यूजऐवजी तार जळेल. नवा फ्यूज लगेच उडाला तर तिथेच थांबा.

हॅचबॅक किंवा एसयूव्ही असेल आणि रिव्हर्स लाइट डिक्कीच्या दारावर असतील, तर बिजागरीजवळची रबरी नळी बघा. दार रोज वर-खाली होतं, आतल्या तारा तिथेच वाकतात आणि काही वर्षांनी वरचं आवरण शाबूत राहून आतलं तांबं तुटतं. गिअर रिव्हर्समध्ये ठेवून दार हळूहळू वर-खाली करा. मधल्या एखाद्या ठिकाणी लाइट लागतो-विझतो असं दिसलं तर दोष सापडला. पीळ देऊन टेप गुंडाळलेला जोड तिथे टिकत नाही. तुकडा बदलून सोल्डर करून वर हीट-श्रिंक (तापवल्यावर आवळून बसणारी) नळी लावावी लागते, आणि जोड वाकणाऱ्या भागाच्या बाहेर यायला हवा.

हेही ठीक असेल तर गिअरबॉक्सवरचा रिव्हर्स स्विच. इग्निशन ऑन ठेवून, रिव्हर्स टाकून गिअरची दांडी थोडी हलवा. दांडीबरोबर लाइट लुकलुकला तर स्विच किंवा त्याची जोडणी संशयित. तारेचा जोड हाताला येत असेल तर काढून साफ करा, तेवढं घरी जमतं. स्विच मात्र काढू नका, का ते पुढे सांगतो.

गाडी बल्ब तपासते तेव्हा

जुना बल्ब छान लागतो, होल्डर स्वच्छ, अर्थिंग पक्कं, तरीही एलईडी दोन सेकंदांत विझतो, बंद गाडीत लुकलुकतो किंवा डॅशबोर्डवर खूण येते. स्कोडा, फोक्सवॅगनसारख्या युरोपीय गाड्यांत हे जास्त दिसतं. या गाड्यांचं कंट्रोल युनिट बल्ब किती करंट घेतो ते बघत असतं. पाव अँपिअर दिसला की त्याला वाटतं बल्ब गेला, आणि ते खूण दाखवतं किंवा पुरवठा तोडतं. काही गाड्या बंद असतानाही बारीक झटके पाठवून बल्ब जागेवर आहे का ते तपासतात. साधी तार त्यानं पेटत नाही, एलईडी लुकलुकतो.

यावर पहिला उपाय कॅनबस (म्हणजे गाडीच्या बल्ब-तपासणीला चालणारा) लिहिलेला चांगल्या प्रतीचा एलईडी. रेझिस्टर हा शेवटचा. बाजारात मिळणारा ५० वॅट, ६ ओहमचा रेझिस्टर चालू गाडीच्या साडेतेरा व्होल्टवर सव्वादोन अँपिअर घेतो, म्हणजे ३० वॅट निव्वळ उष्णता. काही मिनिटांत तो हात लावता येणार नाही इतका तापतो. तो प्लस आणि अर्थ यांच्यामध्ये, बल्बला समांतर जोडायचा आणि उघड्या लोखंडी पत्र्यावर स्क्रूनं आवळायचा. प्लास्टिकवर, कार्पेटखाली किंवा तारांच्या जुडग्याला केबल-टायनं बांधलेला रेझिस्टर मी दिसला की काढायला लावतो. आवरण वितळलेल्या तारा मी पाहिल्या आहेत. आणि गाडीत बल्ब-तपासणी नसेलच, तर रेझिस्टर लावून मिळतं काहीच नाही.

कॅमेऱ्यातल्या रेघा

बाहेरून बसवलेल्या कॅमेऱ्याचा पुरवठा बहुधा रिव्हर्स लाइटच्याच तारेवरून घेतलेला असतो. एलईडीच्या आतलं सर्किट वेगानं चालू-बंद होत असतं, त्याचा खडखडाट तारेतून कॅमेऱ्यापर्यंत पोहोचतो. त्या बाजूचा एलईडी काढून गिअर टाका. रेघा गेल्या तर कारण पक्कं. कॅमेऱ्याची तार दुसऱ्या बाजूच्या लाइटवरून घेऊन बघा, कॅमेऱ्याला वेगळं अर्थिंग द्या, त्यानंही भागलं नाही तर कॅमेऱ्याच्या पुरवठ्यात नॉइज फिल्टर, म्हणजे हा खडखडाट गाळणारा भाग, लावा. कॅमेरा बसवताना तार कापून दाबलेली निळी प्लास्टिक क्लिप दिसली तर तीही संशयित धरा, तिची पाती तारेला चीर देते आणि तिथे पाणी जाऊन गंज धरतो.

एलईडी स्वतः

सगळं तपासून झाल्यावर एलईडीवर या. उजेड डोळ्यांत भरतो पण रस्त्यावर पडत नाही, याचं कारण आकार. लॅम्पचा आरसा साध्या बल्बची तार जिथे असते तिथला प्रकाश पसरवायला बनवलेला असतो. फक्त टोकाला चिप असलेला एलईडी सरळ मागे झोत टाकतो, आरसा रिकामा राहतो, आणि गल्लीत नाली कुठे आणि दगड कुठे ते कळत नाही. चारी बाजूंनी चिप असलेला, साध्या बल्बइतक्याच लांबीचा घ्या.

पाकिटावरच्या १०० वॅटवर विश्वास ठेवू नका. बंद लॅम्पमध्ये, पंख्याशिवाय, बोटाच्या पेराएवढ्या बुडातून १०० वॅटची उष्णता बाहेर पडूच शकत नाही. साधा बल्ब बरीचशी उष्णता समोर फेकतो, एलईडीची मात्र बुडात साठते, आणि नागपुरात उन्हात उभ्या गाडीचं युनिट आधीच तापलेलं असतं. अॅल्युमिनियमचं जाड बूड आणि आत ड्रायव्हर (करंट स्थिर ठेवणारं सर्किट) असलेला, ९ ते १६ व्होल्ट सहन करणारा एलईडी टिकतो. नुसता रेझिस्टर टाकलेला स्वस्त एलईडी इंजिन चालू असतानाच्या १४.४ व्होल्टवर लवकर करपतो. एलईडी वारंवार जात असेल तर इंजिन चालू ठेवून बॅटरीवर व्होल्टेज मोजा. १५ च्या वर गेलं तर अल्टरनेटर तपासून घ्यायला हवा, तो बॅटरीचंही आयुष्य खातो.

रंग पांढराच हवा, निळसर किंवा रंगीत नियमात बसत नाही. ५००० ते ६००० केल्विनमधला (केल्विन हे उजेडाच्या रंगाचं माप) घ्या, पावसात ५००० चा जास्त कामाचा. आणि रिव्हर्स लाइटला वेगळा स्विच लावून वर्धा रोडवर मागच्या गाडीच्या डोळ्यांत मारणारे असतात, ते काम मी करून देत नाही. मागून येणाऱ्या दुचाकीवाल्याचा जीव त्यात जाऊ शकतो.

इथे थांबा आणि ऑटो इलेक्ट्रिशियनकडे जा

नवा फ्यूज लगेच उडत असेल. कुठे जळका वास, वितळलेलं आवरण किंवा तपकिरी पडलेला होल्डर दिसत असेल. रिव्हर्स स्विच बदलायचा असेल. त्यासाठी गाडी वर घ्यावी लागते, स्विच काढताना गिअर ऑइल गळू शकतं, आणि नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली शिरणं जिवाशी खेळ आहे. गाडी ऑटोमॅटिक किंवा एएमटी (क्लचचं पेडल नसलेली, गिअर आपोआप बदलणारी) असून कोणत्याच बल्बवर रिव्हर्स लागत नसेल. तिथे रिव्हर्सची खबर गिअरच्या कंट्रोलरकडून येते आणि स्कॅनर लावल्याशिवाय दोष कळत नाही. लॅम्प कंपनीतूनच एलईडी असेल, म्हणजे आत बल्ब बदलायची सोयच नसेल. किंवा हाताळणीनंतर एबीएस, एअरबॅगसारखा दुसराच कोणता दिवा डॅशबोर्डवर लागला असेल.

गाडी वॉरंटीत असेल तर कोणतीही तार कापण्याआधी सर्व्हिस सेंटरला विचारा. वायरिंग कापलेलं दिसलं तर त्या भागाचा दावा नाकारला जाऊ शकतो. बाहेरच्या इलेक्ट्रिशियनकडे गेलात तरी जोड कपलरनंच (तार न कापता जोडायचा प्लग) करायला सांगा, कंपनीच्या तारेला ब्लेड लावू देऊ नका. जुना बल्ब लावल्यावर काय होतं, एलईडी लावल्यावर काय होतं, अर्थिंगवर किती व्होल्ट आले, एवढं कागदावर लिहून द्या. त्याचा शोधण्याचा वेळ वाचतो आणि तुमची मजुरी कमी होते.